टेस्टोस्टेरॉनचे उपचार आणि न सांगितलेले दुखणे

बालरोगतज्ज्ञाने पुरुषसंप्रेरकाच्या लैंगिक दुष्परिणामांवर लेख लिहावा, याचे काही सहकाऱ्यांना हसू येईल. संपादक मंडळाने मला लसीकरण किंवा बालकांचा आहार यांपैकी एखादा विषय सुचवला होता. त्या दोन्ही विषयांवर मी पूर्वी लिहिले आहे व पुढेही लिहीन. परंतु पांढुर्णा-सौंसर भागात व्यवसाय करणाऱ्या आपल्या सर्वांच्या दारी येणारा, आणि तरीही तोंडाने क्वचितच सांगितला जाणारा असा एक त्रास आहे. त्याविषयी या स्मरणिकेत एकदा तरी स्पष्ट लिहिले जावे, असे बरेच दिवस मनात होते. हा लेख डॉक्टरांइतकाच घरोघरीच्या आईवडिलांनीही वाचावा अशी इच्छा असल्यामुळे अवघड परिभाषा शक्यतो टाळली आहे. अवयवांची नावे मात्र टाळलेली नाहीत. ती टाळण्यामुळेच पुढील हकीकत घडली.

आठ वर्षांपूर्वी सौंसर तालुक्यातील एका खेड्यातून सोळा वर्षांचा एक मुलगा आईसोबत माझ्याकडे आला. (तो आता प्रौढ असून त्याच्या संमतीने हे लिहीत आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सिकलसेलचा रुग्ण म्हणून तो लहानपणापासून माझ्याच उपचारांखाली होता. या वेळी मात्र तक्रार वेगळी होती. आई म्हणाली, "साहेब, याच्या जोडीचे पोट्टे मिशा कोरून राहिले, अन् याले अजून लव बी नाही फुटली जी. शाळेत जातच नाही म्हणते." मुलगा भिंतीवरील लसीकरणाच्या तक्त्याकडे पाहत उभा होता. तपासणीत त्याचे वृषण तीन मिलिलिटर आकाराचे, म्हणजे यौवनारंभाच्या उंबरठ्याच्या अलीकडचे आढळले. मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय साडेबारा वर्षांचे निघाले. मी त्याला टेस्टोस्टेरॉनचे ५० मिलिग्रॅमचे इंजेक्शन महिन्यातून एकदा, याप्रमाणे सुरू केले. पाठ्यपुस्तकात मात्रा हीच आहे. दुसऱ्या इंजेक्शननंतर मुलगा पुन्हा शाळेत जाऊ लागला. आई माझ्यासाठी संत्र्यांची पिशवी घेऊन आली.

तिसऱ्या इंजेक्शननंतर दहा-बारा दिवसांनी, जानेवारीतील एका रविवारी दुपारी, वडील त्याला मोटारसायकलवर बसवून घेऊन आले. "पोटात दुखते" एवढीच तक्रार होती. तो पोटाला हात लावू देईना. मी वडिलांना बाहेर बसण्याची विनंती केली, दार लावले, तेव्हा तो रडू लागला. रात्री एक वाजल्यापासून त्याचे लिंग ताठर होते. चौदा तास झाले होते. त्याला नागपूरला पाठवले, तेथे मूत्ररोगतज्ज्ञांनी साकळलेले रक्त काढून ताठरता उतरवली. परंतु आतील ऊतींना जी इजा व्हायची ती तोपर्यंत होऊन गेली होती.

नंतर सावकाश बोलताना कळले, की तेराव्या वर्षापासून त्याला पहाटे असा त्रास अधूनमधून होत असे. अर्धा-पाऊण तास दुखे आणि आपोआप उतरे. इंजेक्शने सुरू झाल्यावर तो आठवड्यातून दोनदा होऊ लागला होता. तीन महिन्यांत मी त्याला चार वेळा तपासले होते. वजन, केस, आवाज, भूक सगळे विचारले होते. "मला का नाही सांगितलेस?" या माझ्या प्रश्नावर तो म्हणाला, "तुम्ही इचारलंच नाही."

या घटनेकडे पाहताना प्रथम हे ध्यानात घ्यावे लागते, की आपला भाग सिकलसेलचा आहे. भारतात हा दोष १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये प्रथम आढळला. नागपूरच्या शुक्ला व सोलंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलची नोंद केली. त्यालाही आता पासष्टाहून अधिक वर्षे झाली. विदर्भात आणि सातपुड्याच्या या अंगाला आदिवासी, अनुसूचित जाती व इतर मागासवर्गीय अशा अनेक समाजांत तो पसरलेला आहे. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पांढुर्णा व सौंसर हे दोन तालुके मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. रक्ततपासण्या वाढल्या, कार्डे मिळाली, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र कार्डावर ‘सिकलसेल रुग्ण’ असे लिहिलेला मुलगा वयात येताना त्याच्या बाबतीत काय होते, याची चर्चा अजून व्हायची आहे.

सिकलसेलच्या मुलांचा यौवनारंभ सर्वसाधारणपणे दीड-दोन वर्षे उशिरा होतो. कायमचा रक्तक्षय, शरीराची वाढलेली ऊर्जेची गरज, अपुरे पोषण, जस्ताची कमतरता अशी त्याची कारणे आहेत. बिहारमध्ये जन्मलेले व अमेरिकेत काम केलेले डॉ. आनंद प्रसाद यांनी १९७० नंतरच्या काळात सिकलसेलच्या पुरुषांतील जस्ताची कमतरता व टेस्टोस्टेरॉनची कमतरता यांचा संबंध दाखवून दिला. काही रुग्णांत वृषणांतीलच सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबून वृषण दुबळे होतात. मग उशीर हा केवळ उशीर न राहता कायमचा अभाव ठरतो. पण बहुसंख्य मुलांत यौवन येते, फक्त गाडी उशिराने धावते. चौदा वर्षे पूर्ण होऊनही वृषणांची वाढ सुरू झाली नसेल तर तपासण्या कराव्यात, हे खरे. सकाळी आठच्या सुमारास टेस्टोस्टेरॉन, सोबत एलएच व एफएसएच, हाडांचे वय, वास येतो की नाही याची चौकशी, आणि वृषण लहान व घट्ट असतील तर गुणसूत्रांची तपासणी, एवढे झाल्याशिवाय सुई हातात घेऊ नये. सुमारे सहाशे मुलांमागे एकात आढळणारा क्लाइनफेल्टर दोष आपण किती वेळा ओळखतो, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

माझ्या या रुग्णात मी तपासण्या केल्या होत्या. निर्णय चुकीचा होता असेही मी म्हणणार नाही. शाळा सोडून घरात बसलेल्या मुलाच्या मनाची किंमत असते. परंतु सतराव्या वर्षी त्याचे वृषण आपोआप वाढू लागले. आणखी वर्षभर थांबलो असतो तर, हा विचार माझ्या मनातून गेलेला नाही. इंजेक्शनामुळेच सर्व घडले असेही ठामपणे म्हणता येत नाही, कारण त्रास आधीपासून होता. तो आधीपासून आहे हे मला ठाऊक असते, तर मी त्या दिवशी सुई दिली नसती, एवढे निश्चित.

आता या त्रासाविषयी. इंग्रजी वैद्यकात याला प्रायापिझम म्हणतात. मराठीत त्याला रूढ शब्द नाही, आणि शब्द नसल्यामुळे तक्रारही नाही. कामेच्छेशी संबंध नसलेली, वेदनादायक आणि न उतरणारी ताठरता, असे त्याचे वर्णन करता येईल. झोपेत प्रत्येक निरोगी पुरुषाला, अगदी तान्ह्या बाळालाही, काही वेळा ताठरता येते आणि उतरते. सिकलसेलमध्ये उतरण्याचीच यंत्रणा बिघडलेली असते. फुटलेल्या रक्तपेशींतून बाहेर पडणारे हिमोग्लोबिन रक्तवाहिन्यांतील नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकते, आणि ते कायम कमी राहिल्यामुळे ताठरता आवरणारे विकर क्षीण होते. त्यात रात्रीचे निर्जलीकरण, थंडी, ताप. लिंगातील साठलेल्या रक्तात प्राणवायू घटतो, तशा पेशी विळ्यासारख्या वाकतात, वाकलेल्या पेशी वाट अडवतात, आणि वाट अडली की प्राणवायू आणखी घटतो. पंधरा-वीस मिनिटांचे, पुन्हा पुन्हा येणारे झटके हा त्याचा सौम्य प्रकार. तो बहुधा किशोरवयातच सुरू होतो. एखाद्या रात्री हाच झटका उतरत नाही. चार तासांनंतर ऊतींना इजा होऊ लागते. चोवीस-छत्तीस तास उलटले तर नैसर्गिक ताठरता कायमची जाण्याचा धोका फार मोठा असतो.

टेस्टोस्टेरॉनचा यात वाटा कोणता? सिकलसेलच्या किशोरांना हे औषध दिल्यावर प्रायापिझम उद्भवल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत, आणि म्हणून अनेक वर्षे असे मानले गेले की सिकलसेलमध्ये टेस्टोस्टेरॉन वर्ज्य. इतकेच नव्हे, तर वारंवार झटके येणाऱ्या पुरुषांना टेस्टोस्टेरॉन दडपणारी औषधे दिली गेली, आणि त्यांची कामेच्छा, स्नायू, हाडे यांचे नुकसान झाले. वाढत्या मुलांत तर ती देऊच नयेत. गेल्या दीड दशकात जमैका व अमेरिका येथील काही संशोधकांनी उलट बाजू मांडली: ताठरता आवरणारे जे विकर, ते टिकवण्यासाठीच पुरेसे टेस्टोस्टेरॉन लागते, त्यामुळे खरोखर कमतरता असलेल्या सिकलसेल रुग्णांत सामान्य पातळीपर्यंतच भरपाई केली तर झटके वाढतीलच असे नाही. हे अभ्यास अगदी थोड्या रुग्णांवरचे आणि प्रौढांवरचे आहेत. माझा स्वतःचा निष्कर्ष असा: सिकलसेल आहे म्हणून खऱ्या गरजूला औषध नाकारू नये, पण एकदम उंच उसळी मारणारी मात्रा देऊ नये, आणि झटक्यांचा इतिहास असेल तर अंतःस्रावतज्ज्ञ व मूत्ररोगतज्ज्ञ या दोघांच्या सल्ल्याशिवाय सुरुवातच करू नये.

उसळीचा मुद्दा सिकलसेल नसलेल्यांनाही लागू आहे. तेलातील इंजेक्शन दिल्यावर पहिल्या काही दिवसांत रक्तातील पातळी शिखर गाठते आणि दोन-तीन आठवड्यांत घसरते. शिखरावर असताना वारंवार ताठरता, कामेच्छेचा अतिरेक, चिडचिड, मुरुमे. घसरणीवर उदासी आणि शिथिलता. रुग्णाला वाटते औषध बिघडले. प्रत्यक्षात बिघडलेले असते ते अंतर. प्रौढ रुग्णाला तीन आठवड्यांनी २५० मिलिग्रॅम देण्याऐवजी दहा ते चौदा दिवसांनी निम्मी मात्रा दिली, किंवा त्वचेवर लावण्याचे जेल वापरले, तर यातील बराचसा त्रास औषध न थांबवता कमी होतो. किशोरात सुरुवात ५० मिलिग्रॅमने करून दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने प्रौढ मात्रेपर्यंत जावे. घाई केली तर लैंगिक त्रास होतोच, शिवाय हाडांची टोके लवकर जुळून उंची कायमची खुंटते. ‘उंची वाढण्याचे इंजेक्शन’ म्हणून हे औषध मागणाऱ्या पालकांना मी हे वाक्य दोनदा सांगतो. शिवाय या औषधाने हिमोग्लोबिन वाढते. सिकलसेलच्या रुग्णात ती नेहमीच आनंदाची बातमी नसते, कारण रक्त दाट होते. म्हणून दर तीन महिन्यांनी तपासणी हवी. इतर प्रौढांत रक्तपेशींचे प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, ५४ टक्क्यांच्या वर गेले तर औषध थांबवावे लागते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट इंजेक्शनच्या आधीची आहे. आता मी पहिल्या भेटीतच आईवडिलांना सांगतो, की पाच मिनिटे मला याच्याशी एकट्याशी बोलायचे आहे. कोणी हरकत घेत नाही. हरकत घेतील ही भीती माझीच होती. मग मुलाला सांगतो, की काही आठवड्यांत तुला केस येतील, मुरुमे येतील, सकाळी लिंग ताठ होईल, झोपेत वीर्य जाईल, मनात नवे विचार येतील. हे सगळे औषध लागू पडल्याची लक्षणे आहेत. याने अशक्तपणा येत नाही, ‘गरमी’ होत नाही, रक्त आटत नाही. झोपेत वीर्य गेल्यामुळे घाबरून तिसरे इंजेक्शन टाळलेली दोन मुले मला ठाऊक आहेत. त्यांतील एकाला गावातील कुणीतरी जडीबुटी दिली होती. मग विचारतो तो प्रश्न, आणि तो पुस्तकी भाषेत विचारून चालत नाही: "रात्री किंवा पहाटे लघवीची जागा कडक होऊन दुखते का रे? किती वेळ राहते? लघवी केल्यावर उतरते का?" शाळा हिंदी माध्यमाची असलेल्या मुलांना तोच प्रश्न हिंदीत विचारावा लागतो, लाजेची भाषा प्रत्येकाची वेगळी असते. सिकलसेलच्या दहा वर्षांवरील प्रत्येक मुलाला, औषध द्यायचे असो वा नसो, मी आता हा प्रश्न विचारतो. काही मुले क्षणभर माझ्याकडे बघतात आणि "हो" म्हणतात. त्या ‘हो’मध्ये आश्चर्य असते, की याला हे कसे कळले.

पुढचा हिशेब अंतराचा आहे, आणि तो आपल्या भागातल्या माणसाला वेगळा समजावून सांगायला नको. झटका पहाटे तीनला सुरू होतो. मुलगा लाजेने उजाडेपर्यंत अंथरुणात पडून राहतो. आई चुलीपाशी, बाप बागेत ओलिताला गेलेला. सातला कुणाला तरी कळते, आठला दवाखाना, नऊला चिठ्ठी. सौंसरहून काय आणि पांढुर्ण्याहून काय, दोन्ही रस्ते सावनेरला एकत्र येऊन नागपूरला जातात, आणि गाडी मिळून तज्ज्ञांसमोर उभे राहीपर्यंत दुपार होते. चार तास केव्हाच संपलेले असतात. गोटमारीच्या दिवशी जाम नदीच्या काठी आपण शिबिरे उभारतो, टाक्यांचे साहित्य मांडून ठेवतो; कारण दगड कुठून येणार हे आपल्याला ठाऊक असते. हाही दगड कुठून येणार हे ठाऊक आहे.

म्हणून दोन पातळ्यांवर तयारी हवी. घरी: झटका आल्याबरोबर उठावे, लघवी करावी, दोन-तीन पेले पाणी प्यावे, अंगणात चालावे, कोमट पाण्याने अंघोळ करावी, नेहमीची वेदनाशामक गोळी घ्यावी. बर्फ लावू नये. थंडीने सिकलसेलच्या पेशी अधिक वाकतात. घड्याळ पाहावे. दोन तासांत उतरले नाही तर निघावे, मग रात्र असो वा पहाट. आपोआप उतरले तरी त्या आठवड्यात डॉक्टरांना सांगावे. हे सर्व मी एका चिठ्ठीवर मराठी व हिंदीत छापून घेतले आहे आणि प्रत्येक मुलाच्या हाती देतो. आईच्या नव्हे, मुलाच्या.

दवाखान्यात: सहकारी शल्यचिकित्सकांना माझी विनंती आहे, की रुग्णवाहिकेची वाट पाहण्यात चार तास घालवू नयेत. शिरेवाटे द्रव, पुरेशी वेदनाशामके आणि गरजेप्रमाणे प्राणवायू सुरू करून, भूल देऊन, लिंगाच्या बाजूने सुई घालून साकळलेले काळे रक्त काढणे व सलाईनने धुणे, यासाठी मोठी सामग्री लागत नाही. फेनिलेफ्रिन हे औषध सिझेरियनच्या वेळी रक्तदाब सावरण्यासाठी आपल्या भूलतज्ज्ञांच्या पेटीत असतेच. प्रौढात ते पातळ करून एका वेळी १०० ते ५०० मायक्रोग्रॅम, दर तीन ते पाच मिनिटांनी, तासाभरात एकूण एक मिलिग्रॅमच्या आत देतात. लहान मुलात याहून कमी द्यावे लागते. रक्तदाब व नाडीवर सतत लक्ष हवे. नागपूरच्या मूत्ररोगतज्ज्ञांना फोन लावून, त्यांच्या मार्गदर्शनाखाली हे येथे करता येते, आणि नंतर रुग्णाला शांतपणे पुढे पाठवता येते. पूर्वी रक्त चढवण्यावर भर असे. आता केवळ रक्त चढवण्यासाठी ही क्रिया लांबवू नये असे मानतात. अशा रुग्णांत रक्त बदलल्यानंतर मेंदूचे विकार झाल्याच्या नोंदीही आहेत.

वारंवार झटके येणाऱ्या मुलाला हायड्रॉक्सियुरिया नियमित मिळते आहे का, हे आधी पाहावे. मूळ रोग शांत राहिला तर बाकीचेही बरेच शांत राहते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन व सहकाऱ्यांनी गंभीर आजारी मुलांत किलोमागे १० मिलिग्रॅम या अल्प मात्रेचा उपयोग २०१२ साली दाखवून दिला आहे. या औषधाने शुक्राणूंची संख्या घटू शकते. ती बहुधा औषध थांबवल्यावर सुधारते, तरीही लग्नाच्या वयातील रुग्णाशी याविषयी बोलून ठेवावे. ताठरतेची म्हणून बाजारात मिळणारी सिल्डेनाफिलची गोळी मात्र सिकलसेलच्या रुग्णाने मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नये. फुप्फुसांच्या रक्तदाबासाठी तिचा उपयोग तपासणारी अमेरिकेतील चाचणी, सिकलसेलचे दुखणे वाढल्यामुळे २००९ मध्ये थांबवावी लागली होती.

इतर दुष्परिणामांवर थोडक्यात लिहितो. टेस्टोस्टेरॉनचा काही अंश शरीरात स्त्रीसंप्रेरकात बदलतो आणि मुलाच्या स्तनाग्राखाली दुखरी गाठ येते. वयात येणाऱ्या निरोगी मुलांतही ती येते व बहुधा दोन वर्षांत विरते. सांगितले नाही तर मुलगा बनियान काढायचे सोडतो आणि पोहणे बंद करतो. दुसरा परिणाम अधिक गंभीर. बाहेरून संप्रेरक मिळाले की मेंदू वृषणांना आदेश देणे थांबवतो, वृषण आकसतात, शुक्राणू बनणे घटते. हा परिणाम इतका खात्रीचा आहे की १९९० च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांचे गर्भनिरोधक म्हणून तपासून पाहिले होते. ‘ताकदीचे’ म्हणून जिममध्ये इंजेक्शने घेणाऱ्या आणि मूल होत नाही म्हणून बायकोला घेऊन डॉक्टरांचे उंबरठे झिजवणाऱ्या तरुणांना हे कोणीतरी सांगायला हवे. तपासण्या मात्र सगळ्या बायकोच्या होतात. औषध थांबवल्यावर बहुतेकांत सहा महिने ते वर्षभरात, काहींत त्याहूनही उशिरा, शुक्राणू परत येतात. ज्याला पुढे मूल हवे आहे आणि ज्याच्यात दोष मेंदूच्या आदेशाचाच आहे, त्याला टेस्टोस्टेरॉनऐवजी एचसीजी व एफएसएचची इंजेक्शने देता येतात.

एक प्रकार मात्र शुद्ध बालरोगाचा आहे. तीन वर्षांच्या एका मुलाला जांघेत केस आले म्हणून आणले होते. लिंग वाढलेले, वृषण मात्र बाळाचेच. मेंदूच्या, अधिवृक्क ग्रंथीच्या तपासण्यांची यादी करत असताना सहज विचारले, तेव्हा वडिलांनी मान खाली घालून सांगितले, की ते खांद्याला टेस्टोस्टेरॉनचे जेल लावतात, आणि मुलगा रोज त्याच खांद्यावर झोपतो. अशा घटनांमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये या जेलवर ठळक इशारा छापणे बंधनकारक केले. जेल लावल्यावर साबणाने हात धुवावेत, ते वाळल्यावर ती जागा कापडाने झाकावी, आणि मुलाला उचलून घेण्याआधी ती जागा धुवावी. या मुलाचे केस काही महिन्यांत विरळ झाले. हाडांचे वय जे पुढे गेले, ते मागे आले नाही.

पहिल्या मुलाची हकीकत अपुरी राहिली आहे. तो आता चोवीस वर्षांचा आहे, सौंसरला एका दुकानात हिशेब लिहितो, हायड्रॉक्सियुरिया नियमित घेतो. टेस्टोस्टेरॉनची पातळी सामान्य आहे, त्याला पुन्हा ते औषध लागले नाही. ताठरता पूर्वीसारखी नाही. नागपूरच्या मूत्ररोगतज्ज्ञांकडे त्याचे उपचार चालू आहेत आणि थोडी सुधारणा आहे. गेल्या दिवाळीनंतर तो एकटाच आला. घरच्यांनी लग्न ठरवत आणले होते. मुलीचा सिकलसेलचा अहवाल त्याने स्वतःच मागून घेतला होता आणि तो निर्दोष होता. तो कागद टेबलावर ठेवून म्हणाला, "साहेब, तिले बाकीचं मी सांगणार आहे. पण कसं सांगू, ते तुम्ही सांगा." आम्ही तासभर बोललो. बाहेर लसीकरणाची रांग लागली होती. पुढल्या आठवड्यात तो तिला घेऊन आला.